मागचा टायर बदलायचाय? आधी जुना टायर नीट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिक्षिका ताईंची २०१८ सालची ॲक्टिव्हा आहे, कोरेगाव ते सातारा रोजचं जाणं-येणं, चाळीसेक किलोमीटर. मागचा टायर मधोमध गुळगुळीत झालाय, महिन्यात दोनदा पंक्चर झाला आणि परवाच्या पावसात वळणावर गाडी मागून सरकली. पंक्चरवाला म्हणतो, आत ट्यूब टाकून देतो, अजून चार महिने काढाल. भाऊ म्हणतो, या वेळी जरा रुंद टायर टाक. मिस्टर म्हणतात, दुकानात कशाला, रविवारी घरीच बदलू. ताईंना विचारायचंय, यातलं कुणाचं ऐकू?

ताई, पहिल्या दोघांचं ऐकू नका. मिस्टरांचं अर्धं ऐका.

मी साताऱ्यात सत्तावीस वर्षं दुचाकीचं काम करतोय. सुरुवात केली तेव्हा पोरगेला हेल्पर होतो आणि समोर सगळ्या चेतक उभ्या असायच्या. त्या गाडीला मागचं चाक काढणं म्हणजे पाच मिनिटांचा खेळ. नट सोडा, चाक उतरवा, स्टेपनी चढवा, चला. रिम दोन भागांची असायची आणि वस्तादांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता की हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिम जोडणाऱ्या नटांना पाना लावायचा नाही, नाहीतर रिमचा अर्धा भाग तोंडावर येईल. आताच्या स्कूटरला ती भीती नाही, पण स्टेपनीही नाही, आणि चाकापर्यंत पोचायला सायलेन्सर उतरवावा लागतो. म्हणून लोक टायर बदलणं पुढं ढकलतात. पुढं ढकलतात म्हणून मग सरकतात.

आधी ट्यूबचं बघू. तुमचा टायर ट्यूबलेस आहे. त्याच्या आतल्या बाजूला हवा धरून ठेवणारा रबराचा थर असतो. खिळा घुसला तरी तो त्या रबरात घट्ट बसतो आणि हवा हळूहळू जाते. तुम्ही शाळेपर्यंत, निदान पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचता. आत ट्यूब टाकली की हा फायदा संपला. खिळा थेट ट्यूबमध्ये जातो आणि हवा एका दमात जाते, तीही मागच्या चाकाची, अंगावर ट्रक येत असताना. शिवाय ट्यूबलेस टायर आतून ट्यूबसाठी गुळगुळीत केलेला नसतो, त्यामुळे ट्यूब घासून तापते. रिम वाकलीय आणि घरी पोचायचंय, अशा वेळी ट्यूब ठीक. झिजलेला टायर चार महिने ओढायला ट्यूब टाकणं म्हणजे फाटक्या छत्रीला अस्तर लावणं.

महिन्यात दोन पंक्चर का झाले, त्याचंही कारण तेच. टायर जितका झिजला तितकं खिळ्याला कमी रबर ओलांडावं लागतं. नवीन टायरमध्ये जो खिळा नुसता रुतून बसला असता, तो झिजलेल्या टायरमध्ये आरपार जातो. आणि आपल्याकडे गळीत हंगामात तर विचारूच नका. उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या की बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे, म्हणजे नालांचे, खिळे रस्त्यावर पडतात. हंगामात माझ्याकडे आलेल्या टायरमधून असे आखूड, चपट्या डोक्याचे खिळे किती काढले, त्याचा हिशोब नाही.

आता जुना टायर बघा. टाकून देण्याआधी त्याच्याशी दोन मिनिटं बसा, कारण तो तुमच्या गाडीबद्दल बरंच सांगून जातो. तुम्ही म्हणता मधोमध गुळगुळीत. म्हणजे मधला पट्टा सपाट आणि दोन्ही बाजूंची नक्षी बऱ्यापैकी शाबूत. सरळ रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीचा टायर थोडाफार असाच झिजतो. पण फारच चौकोनी झाला असेल तर हवा सतत जास्त भरली जातेय. पंपावरचा पोरगा न विचारता काटा चाळीस पॉइंटवर (पीएसआय) नेतो आणि आपण "बरं झालं, पंधरा दिवस बघायला नको" म्हणतो. उलट, दोन्ही कडा झिजून मधला भाग शिल्लक असेल तर हवा कमी होती. एकाच कडेला झीज असेल तर रिम वाकली आहे का ते बघा. इंजिन चेसीला जोडणारे बुश ढिले झाले असतील तरी चाक तिरकं चालतं. हात फिरवल्यावर लाटा-लाटा लागल्या तर शॉकअप बसलाय. आणि एकाच ठिकाणी चकोट डाग असेल तर कधीतरी ब्रेक दाबून चाक लॉक झालंय आणि फरफटलंय. हे दुरुस्त न करता नवीन टायर चढवला की तोही त्याच वाटेने जाणार.

मधे सपाट झालेला टायर वळणावर का सरकतो, ते समजून घ्या. नवीन टायरचा आकार गोल असतो, त्यामुळे गाडी कलली की रस्त्याला टेकणारा भाग हळूहळू मधून कडेला सरकतो. चौकोनी टायरला मात्र एक धार तयार होते. गाडी कलताना आधी अडल्यासारखी वाटते आणि ती धार ओलांडली की एकदम आत पडते. त्यात पाऊस, मधल्या पट्ट्यात पाणी काढून द्यायला खाच नाही, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीच्या चाकांची सांडलेली चिकण माती. परवा तुम्ही वाचलात हे नशीब समजा.

संपला की नाही हे नजरेने ठरवू नका. टायरच्या कडेवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (TWI) अशी अक्षरं असतात. तिथून सरळ रेषेत वर जाऊन खाचेत बघा, तळाशी रबराची बारीक उंची दिसेल. बाजूची नक्षी झिजून त्या उंचीला टेकली की टायर संपला. तुमचा टेकला असणार, पण एकदा स्वतःच्या बोटाने बघून ठेवा, पुढच्या वेळी कुणाला विचारायला नको.

भावाच्या रुंद टायरबद्दल. तुमच्या गाडीचा मागचा टायर ९०/१००-१०. म्हणजे ९० मिलिमीटर रुंद, रुंदीच्या १०० टक्के उंच, म्हणजे उंचीही ९० मिलिमीटर, आणि १० इंची रिमवर बसणारा. दुकानात जो रुंद म्हणून दाखवतील तो बहुतेक १००/९०-१०. गंमत बघा, १०० च्या ९० टक्के म्हणजे परत ९० मिलिमीटरच. उंची तीच, रुंदी फक्त १० ने जास्त, दोन्ही बाजूंना पाच-पाच. हे पाच मिलिमीटर गिअर केसिंगच्या बाजूला फार महाग पडतात. नवीन असताना बसल्यासारखा वाटतो, मग चिखल अडकायला लागतो आणि टायरची कड घासल्याचा वास येतो. मी बसवत नाही. कंपनीने दिलेल्या मापाचाच घ्या.

मापाच्या पुढे ५३ जे असं लिहिलेलं असतं. ५३ म्हणजे २०६ किलोपर्यंत भार आणि जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत वेग. त्याहून कमी आकड्याचा टायर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तुमच्या मागे मुलगी बसते, पुढे दप्तर, हुकला भाजीची पिशवी, हे सगळं वजन बहुतेक मागच्याच चाकावर येतं. स्कूटरचं इंजिनसुद्धा मागच्या चाकालाच टांगलेलं असतं आणि गाडी ढकलतंही तेच चाक. त्यात १० इंची चाक लहान. याचा घेर काढला तर साधारण १.३६ मीटर येतो, म्हणजे एका किलोमीटरला सातशे तीस-पस्तीस फेरे. तुमच्या रोजच्या चाळीस किलोमीटरचे एकोणतीस हजारांवर फेरे झाले. मोठ्या चाकाच्या मोटरसायकलशी तुलना करून "त्यांचा टायर इतका चालला, माझा का नाही" म्हणणाऱ्यांना मी हाच हिशोब सांगतो.

घेताना तारीख बघा. टायरच्या कडेवर डीओटीने (DOT) सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वर्षभराच्या आतला मिळाला तर उत्तम. दुकानात दोन-तीन वर्षं उन्हात टांगलेला असेल तर बिनधास्त "दुसरा दाखवा" म्हणा. कंपनी कुठली, हे मला विचारू नका. एमआरएफ, सिएट, अपोलो, युरोग्रिप, सगळ्यांचे या मापाचे टायर मी बसवलेत आणि योग्य हवेत सगळे चांगले चाललेत. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला, मात्र नको. बिल घ्या, कारण त्याशिवाय वॉरंटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेही बिलावर दिसलं पाहिजे.

आणि हाच आकडा तुमच्या पुढच्या टायरवरही वाचा. तुम्ही विचारलं नाही, पण तुम्ही लिहिलंय की मागचा एकदा बदललाय आणि पुढचा कंपनीतून आलाय तोच आहे. म्हणजे तो २०१७-१८ मधला. नक्षी शिल्लक दिसेल, कारण पुढचा कमी झिजतो, पण रबर इतक्या वर्षांत कडक होतं. नखाने दाबून बघा, कडेवर बारीक भेगा आहेत का बघा. भेगा असतील तर दोन्ही एकदम बदला. तुमच्या २०१८ च्या मॉडेलला पुढेमागे माप एकच आहे, त्यामुळे "पुढचा मागे टाका, पुढे नवीन टाका" असं सांगणारेही भेटतील. एवढ्या जुन्या रबराला मागे टाकून त्यावर दोन माणसांचं वजन देणं मला पटत नाही.

आता मिस्टरांचं अर्धं. चाक गाडीतून घरी काढा, जरूर काढा. पण रिमवरून टायर काढणं-चढवणं मशीन असलेल्या दुकानात करून घ्या. दोन टॉमी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या) घेऊन अंगणात झटापट केली तर रिमच्या कडेला खाच पडते, आणि ट्यूबलेसला रिमची कड म्हणजेच हवेचं झाकण. नुसतं चाक पिशवीत घालून नेलं की काम थोड्या वेळात होतं आणि पैसेही कमी लागतात.

काढताना गाडी गार असू द्या. सायलेन्सरने पोळलेला हात आठ दिवस भाकरी मोडू देत नाही. सपाट फरशीवर डबल स्टँड लावा. अंगणात माती असेल तर स्टँडखाली फळी टाका आणि पुढच्या चाकाला वीट लावा. सायलेन्सर पुढे इंजिनच्या हेडला दोन नटांनी धरलेला असतो. ते नट हाच या कामातला खरा धोका. वर्षानुवर्षं तापून, पावसात भिजून ते गंजलेले असतात आणि जोर लावला की नट सुटण्याऐवजी स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ती आट्यांची खुंटीच तुटते. मग हेड उतरवण्यापर्यंत काम जातं. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. सोडताना थोडं सैल, थोडं घट्ट, परत सैल असं करा. नट अडला की हात थांबवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. यात कमीपणा नाही, मी स्वतः असे स्टड तोडलेत. त्यानंतर मागचे बोल्ट काढून सायलेन्सर बाजूला ठेवा.

चाकाचा मधला मोठा नट सोडताना कुणाला तरी डावा ब्रेक करकचून दाबायला लावा, म्हणजे चाक फिरणार नाही. लांब दांड्याचा सॉकेट लागेल. नट निघाला की खाली ब्रेकचा ॲडजस्टर नट बराच सैल करा. हे बरेच जण विसरतात. ड्रम आतून झिजून त्याला काठ आलेला असतो, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे) त्यात अडकतात आणि माणूस चाकाला हातोडे मारत बसतो. लायनर मोकळे झाले की चाक दोन्ही हातांनी हलवत सरळ बाहेर येतं.

चाक बाहेर आलं की पाच मिनिटं थांबा. याच्यासाठीच मी हे सगळं लिहितोय. ब्रेकचे लायनर आता उघडे दिसतील. एरवी ते कुणी बघत नाही. काळी भुकटी फुंकू नका, कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग मधल्या शाफ्टभोवती बघा. तिथे ओलसर, काळपट तेल दिसलं, बोट लावल्यावर बुळबुळीत लागलं, तर गिअर ऑइलचं सील गेलंय. हे तेल हळूहळू लायनरवर येतं आणि ब्रेक लागेनासा होतो. लोक ॲडजस्टर आवळत राहतात आणि कारण मात्र आत दडलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली, मालक म्हणाला, फक्त टायर बदला. चाक काढलं तर दोन्ही लायनर तेलात भिजलेले. तो माणूस यवतेश्वरचा घाट रोज उतरत होता, त्या ब्रेकवर. तेल पिलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, ते तापले की परत तेल सोडतात. सील आणि लायनर दोन्ही बदला. सगळं कोरडं असेल तर लायनरची जाडी बघा, पॉलिश पेपरने हलकं घासा, लायनर फाकवणाऱ्या ब्रेकच्या खिट्टीला ग्रीसचा ठिपका द्या आणि शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात लावा. जास्त लावलं तर तेही ब्रेकवर येतं. शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय.

दुकानात चाक दिलं की तीन गोष्टी सांगा. एक, टायरवरचा बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेला. चाक सुटं असताना उलटसुलट होतं, म्हणून घरूनच रिमवर खडूने बाण काढून न्या. दोन, टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर, कारण तिथे टायर सर्वांत हलका असतो. तीन, व्हॉल्व्ह नवीन. हे तिसरं मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. ट्यूबलेस नवे-नवे आले होते तेव्हा स्वतःच्या गाडीला नवा टायर चढवला आणि व्हॉल्व्ह जुनाच ठेवला, चांगला दिसतोय म्हणून. जुलैमध्ये बायकोला घेऊन कासच्या बाजूला निघालो आणि यवतेश्वरच्या वरच्या अंगाला, धुक्यात, गाडी मागून डुलायला लागली. टायर टकाटक, खिळा कुठे नाही. व्हॉल्व्हच्या मानेला, रबर वाकतं तिथे, चीर गेलेली. पावसात गाडी ढकलत खाली आलो. मेकॅनिकची बायको म्हणून तिने त्या दिवशी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टायरचा काठ रिमवर बसताना टक, टक असे दोन आवाज येतात. चाळीसच्या पुढे हवा चढवूनही बसत नसेल तर जबरदस्ती नको, हवा सोडून साबणाचं पाणी परत लावायला सांगा. बसल्यावर रिमजवळची बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंनी.

चढवणं म्हणजे उलटा क्रम, फक्त दोन-तीन जागी चुकायचं नाही. सायलेन्सरच्या तोंडाचं पॅकिंग नवीन टाका. जुनं परत लावलं की फट्-फट् आवाज सुरू होतो. हेडचे दोन्ही नट आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, मागचे बोल्ट सैल ठेवून लावा, मग आधी हेडचे नट आवळा आणि शेवटी मागचे बोल्ट. मधला मोठा नट हाताने सहज फिरत असेल तर त्याची पकड गेली, नवीन आणा. आवळायला टॉर्कचा पाना मिळाला तर उत्तम. नसेल तर दुकानात जाऊन एकदा घट्टपणा तपासून घ्या. हा नट अंदाजावर सोडायचा नाही. ब्रेकचा ॲडजस्टर परत आवळा, लिव्हरला एक ते दोन सेंटीमीटर मोकळा खेळ राहील इतका. चाक हाताने फिरवा, अडता कामा नये. गाडी स्टँडवरून काढण्याआधी ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा. बघा म्हणजे बघाच.

हवेचे आकडे पाठ करा. पुढे २२ पॉइंट. मागे एकट्या असाल तर २९, मुलगी मागे बसणार असेल तर ३६. गाडी गार असताना, सकाळी. पाच-सहा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर हवा तापून आकडा वाढलेला दिसतो आणि तुम्ही ती उगाच कमी करता. पंपावर हवा फुकट असते, पण काटा ज्याच्या-त्याच्या नशिबाचा. म्हणून एक छोटा गेज डिकीत ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा बघा.

नवीन टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर निसरडा असतो. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर वरून जायला वेळ लागतो. तेव्हा या आठवड्यात पोवई नाक्याला झटकन वळायचं नाही, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक नाही, आणि मिस्टरांना टायर कसा बसलाय ते बघायला घाटात न्यायचं असेल तर पुढच्या रविवारी. दोन-तीन दिवसांनी मधला नट आणि सायलेन्सरचे बोल्ट एकदा परत तपासा. हवाही परत बघा. तीन-चार पॉइंटने उतरली असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा कुठे येतोय ते दिसेल.